नवरदेवाची घोडी आणि धनगराचं तट्टू: घोड्याची जात ठरते कशी?

ज्यांना लोकलच्या गर्दीत धड ऐकू येत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला भाग. बोललो तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं कापलंय. ऑडिओत मध्येच दोनदा कंटेनरचा हॉर्न वाजतो, त्याला इलाज नाही. अंजूरमध्ये राहून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे एवढं चालायचंच.

तर गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाचं लग्न झालं. वरातीला घोडी होती. पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची, कपाळावर मोत्यांची झालर. पुढे डीजे, आणि बेस असा की छातीत बसतोय. नवरदेवाचा मोबाईल आणि पाकीट सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी घोडीच्या बाजूबाजूनेच चालत होतो. मध्येच एका भाच्याने जिलेबी घोडीच्या तोंडापाशी नेली आणि घोडीवाल्या काकांनी त्याचा हात असा झटकला की पोरगं रडायलाच लागलं. त्याची आई भडकली. काका एवढंच म्हणाले, "ताई, घोड्याला उलटी होत नाही. पोट धरलं तर मरल ती."

मला वाटलं, काका वेळ मारून नेतायत. रात्री घरी येऊन शोधलं, तर शंभर टक्के खरं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली स्नायूची पकड घोड्यात इतकी घट्ट असते की आत गेलेलं परत वर येत नाही. आपण काही खराब खाल्लं तर ओकून मोकळे होतो, घोड्याला ती सोय नाही. त्यामुळे पोटशूळ हा घोड्यांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. लाडू, जिलेबी, मूठभर पुलाव, प्रेमाने काहीही भरवू नका. आणि हो, बरोबर मागे उभं राहून सेल्फी काढू नका. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढचं आणि बरोबर पाठीमागचं दिसत नाही. न दिसणाऱ्या जागी काही हललं की तो आधी लाथ मारतो, विचार नंतर.

वरात थांबली तेव्हा मी काकांना पाणी दिलं आणि विचारलं, "काका, हिची जात कुठली?"

"नुकरी आहे भाऊ. सारंगखेड्याच्या बाजारातली."

आजचा भाग या एका उत्तरातून निघालाय. कारण शोधायला बसलो आणि कळलं की 'नुकरा' ही सरकारी यादीत जात म्हणून नाहीच. लोकांच्या तोंडी आहे, बाजारात आहे, भावही खातो, पण यादीत नाही.

आधी रंगाचं बघू, कारण तिथे बरीच गल्लत होते. आपल्याला पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मतः पांढरे नसतात. शिंगरू काळं, तांबूस, कुठल्याही रंगाचं जन्मतं आणि वर्षागणिक केस पांढरे होत जातात. अशा घोड्याची कातडी मात्र खालून काळपटच राहते, नाकपुड्यांपाशी बघितलं की कळतं. आपल्याकडे करड्या अवस्थेतल्या घोड्याला सब्जा म्हणतात. नुकरा वेगळा. तो जन्मतःच पांढरा आणि त्याची कातडीही गुलाबी. म्हणजे 'नुकरा' म्हणताना लोक मुख्यतः रंग सांगत असतात. अबलख म्हणजे दोन रंगांचे मोठे पट्टे, कुमैत म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरं. ही सगळी रंगांची नावं, जातीची नाहीत. सारंगखेड्याला, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. तिथे व्यवहार करताना लोक रंग बघतात, कान बघतात, चाल बघतात, अंगावरचे भोवरे बघतात. चुकीच्या जागी भोवरा असला की चांगल्या घोड्याचाही भाव पडतो. का, ते मला विचारू नका.

मग जात म्हणजे काय? हरियाणात कर्नालला जनावरांच्या देशी जातींची नोंद ठेवणारी राष्ट्रीय संस्था आहे. एखाद्या भागातली जनावरं पिढ्यानपिढ्या सारखी दिसतात, सारखी वागतात आणि शेजारच्या जातींपेक्षा वेगळी आहेत, हे मोजमापं आणि डीएनए तपासून दाखवावं लागतं. मग तिला नंबर मिळतो. घोड्यांच्या अशा ८ जाती आहेत. मारवाडी आणि काठियावाडी तुम्ही ओळखाल, आत वळलेल्या कानांमुळे. काठियावाडीच्या कानांची टोकं तर एकमेकांना टेकतात. कच्छी-सिंधी वाळवंटातल्या उन्हाला टिकणारी. झंस्कारी, स्पिती आणि भुतिया हिमालयातल्या, थंडीत आणि विरळ हवेत ओझं वाहणाऱ्या. मणिपुरी छोटी आणि चपळ. आज जगभर खेळला जाणारा पोलो इंग्रजांनी मणिपुरी लोकांकडून उचलला, तो याच तट्टांवर बसून. झाल्या सात. आठव्या जातीकडे जायचंय, पण वाटेत आपला भाग लागतो.

आपला भाग घोड्यांचा कधीच नव्हता. खाडी, खाजण, भातखाचरं, चार महिने चिखल. घोड्याचं खूर म्हणजे आपल्या नखासारखाच पदार्थ. सतत ओलं राहिलं की मऊ पडतं, सडतं. पण राजाला घोडे लागायचेच. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचून मी दोनदा परत वाचलं. तो म्हणतो, ठाण्याच्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार आहे. चाच्यांनी जहाजं लुटायची, बाकी सगळी लूट त्यांची, पण जहाजावर घोडे सापडले तर ते राजाचे. कारण राजाकडे स्वतःचे घोडे नाहीत आणि परदेशातून भारतात येणाऱ्या जहाजांवर घोडे खूप असतात. सोनं तुम्ही ठेवा, घोडे मला द्या! यावरून घोड्याची किंमत काय असेल ते बघा.

रोज ट्रॅफिकमध्ये आपण ज्याला शिव्या देतो त्या घोडबंदर रोडचं नावही बघा. खाडीकाठच्या त्या बंदरात अरबी घोडे उतरायचे, म्हणून घोडबंदर, असं सांगतात.

आणि अंजूर म्हटलं की गंगाजी नाईक आलेच. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत अंजूरकर नाईकांनी पेशव्यांना स्थानिक माहिती आणि माणसं पुरवली, हे आमच्या गावातलं पोरगंही सांगेल. १७३७ च्या मार्चमध्ये ठाण्याचा किल्ला पडला, १७३९ च्या मे महिन्यात वसई. लहानपणी मी हे सगळं सिनेमासारखं बघायचो. चिमाजी अप्पा घोड्यावर, मागे हजारो घोडी, धुरळा. आता कळतं की वसईचा निकाल घोड्यांनी लावलाच नाही. खंदक, तोफा आणि तटाखाली पेरलेले सुरुंग, यांनी लावला. घाटाखाली घोडदळाला पळायला जागाच कुठे होती? घोडा घाटावरचा.

घाटावर म्हणजे नेमकं कुठे? भीमेच्या आणि नीरेच्या खोऱ्यात. पुणे, सातारा, सोलापूर, नगर. पाऊस कमी, जमीन कोरडी आणि खडकाळ. अशा जमिनीवर वाढलेल्या घोड्याचं खूर टणक होतं. तिथल्या घोड्याला म्हणतात भीमथडी, थडी म्हणजे नदीचा काठ. दख्खनी असंही नाव आहे. स्थानिक घोड्यांत बंदरांवरून आलेल्या अरबी आणि तुर्की घोड्यांचं रक्त मिसळून ही जात घडली असं मानतात. उंचीला बेताची. घोड्याची उंची खांद्याच्या उंचवट्यापाशी मोजतात आणि त्याचं माप 'हात'. हा आपला कोपरापासूनचा हात नाही, पंजाची रुंदी, ४ इंच. १४ हात २ इंचांच्या, म्हणजे साधारण १४७ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ढोबळ मानाने तट्टू. रेसचा घोडा १६ हातांच्या आसपास असतो. भीमथडी त्याच्यापुढे खुजीच दिसते.

पण मराठ्यांना उंच घोडा नकोच होता. घाट चढणारा, कडब्यावर आणि मिळेल त्या गवतावर भागवणारा, दिवसभर दुडक्या चालीने जाऊन दुसऱ्या दिवशी परत उभा राहणारा हवा होता. शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना बघा. ज्याला सरकारी घोडा मिळायचा तो बारगीर, जो स्वतःचा घोडा आणायचा तो शिलेदार. आमच्या भाषेत सांगायचं तर कंपनीचा लॅपटॉप आणि स्वतःचा लॅपटॉप. महाराजांचा भर बारगिरांवर, कारण ज्याच्या हातात घोडा त्याच्या हातात माणूस. २५ बारगिरांवर १ हवालदार, ५ हवालदारांवर १ जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल. लढाईच्या गोष्टींत ही दोन माणसं कुणी सांगत नाही, पण त्यांच्याशिवाय घोडदळ चार दिवसही चालत नाही. पाणी-चारा तुटला की काय होतं ते पानिपतावर दिसलं. १४ जानेवारी १७६१ च्या आधी कित्येक आठवडे रसद तुटलेली होती. लढाईला उभ्या राहिलेल्या माणसांइतकीच त्यांची घोडीही उपाशी होती.

१८१८ ला पेशवाई गेली आणि पागा रिकाम्या झाल्या. इंग्रजांना स्वतःच्या पलटणींसाठी उंच घोडे हवे होते. ते मुंबईत अरबी घोडे आणायचे, पुढे ऑस्ट्रेलियातून जहाजं भरून 'वेलर' आणू लागले. न्यू साऊथ वेल्समधून यायचे म्हणून वेलर. भीमथडीला गिऱ्हाईक उरलं नाही. घोड्याची जात कशी संपते याचं उत्तर मला इथे मिळालं. कुणी मारून टाकत नाही, तिचं काम जातं. काम गेलं की चांगली घोडी चांगल्या घोड्याला कुणी लावत नाही, जे समोर येईल त्याच्याशी जोडी लागते आणि चार पिढ्यांत सगळी सरमिसळ.

आपल्या डोळ्यांसमोरही हेच चाललंय. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ साली हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या. प्राण्यांच्या हालांकडे बघितलं तर निर्णय मला पटतो, पण ती घोडी नंतर कुठे गेली हे किती जणांनी विचारलं? माथेरानला गाड्यांना बंदी असल्यामुळे घोडे टिकले, तिथेही आता ई-रिक्षा आल्यात. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून ६ लाख २५ हजारांच्या आसपास होती. २०१९ ला साधारण ३ लाख ४० हजार. ७ वर्षांत जवळजवळ निम्मी.

उलट ज्याला काम आहे त्याचं बघा. महालक्ष्मीला पळणारा थरोब्रेड. जगातल्या कुठल्याही थरोब्रेडचा बाप, आजोबा, पणजोबा असं मागे मागे जा, तुम्ही ३ पैकी एका घोड्यापाशी पोचता: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन. तिघेही बाहेरून इंग्लंडला नेलेले. १७९१ पासून त्यांची वंशावळीची वही छापली जाते आणि वहीत आईबाप नसतील तर पोराला प्रवेश नाही. एका कामासाठी, फक्त पळण्यासाठी, घडवलेली जात. हाडं बारीक, डोकं तापट, खर्च अफाट. पुण्याच्या पूनावालांचा धंदा मुळात याच घोड्यांच्या पैदाशीचा. त्यांचे निवृत्त घोडे सीरम बनवायला हाफकिनला जायचे. त्यावरून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. करोनात आपल्यातल्या बहुतेकांनी जी लस घेतली तिच्या कंपनीचं मूळ असं तबेल्यात आहे.

सीरमचं थोडं सविस्तर सांगतो, कारण भातशेती करणाऱ्या घरात हे माहीत असायला हवं. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या मात्रेने, वाढवत वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारी प्रथिनं तयार होतात. मग रक्त काढून त्यातल्या लाल पेशी घोड्याला परत देतात आणि उरलेल्या द्रवातून ती प्रथिनं वेगळी करतात. साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते हेच. इथे जात, रंग, भोवरा कुणी विचारत नाही, घोडा निरोगी हवा एवढंच. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, घोड्याने तयार केलेलं औषध दवाखान्यात आहे.

आता आठवी जात. २०२३ मध्ये 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. राजा बढेंचं गीत, शाहीर साबळेंचा आवाज, शाळेत आपण सगळ्यांनी म्हटलंय. मी तर दहावीपर्यंत समजत होतो की ते कवितेतलं काहीतरी जुनं, संपलेलं. आणि २०२४ च्या सुरुवातीला बातमी आली की भीमथडी घोड्याची देशातली आठवी जात म्हणून नोंद झाली. म्हणजे घोडा जिवंत आहे! कुठे होता दोनशे वर्षं?

धनगरांकडे. पाऊस संपला की मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या, आणि त्याच सुमाराला धनगरांचे वाडे मेंढ्या घेऊन निघतात, आजही. बारामती, फलटण, माण या कोरड्या भागातून घाट उतरून कोकणात. भात कापलेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य किंवा पैसे. पुरुष मेंढ्यांमागे, बायका घोड्यांबरोबर. सगळं बिऱ्हाड घोड्यावर: भांडी, वाघूर, अंथरुणं, नुकती जन्मलेली कोकरं, वर बांधलेली कोंबडी, कधीकधी रांगतं पोर. फौजेचं काम गेलं तरी या घोड्याचं काम गेलं नाही, म्हणून तो राहिला. घाट चढायचा, कमी खायचं, रोज चालायचं, गुण तेच.

आणि हे तट्टू मी लहानपणापासून बघत आलोय. आमच्या शेतात मेंढ्या बसायच्या तेव्हा आजी त्यांना भात मोजून द्यायची आणि आम्ही पोरं त्या घोड्यांना खडे मारायचो. आता आठवलं की लाज वाटते. बुटकं, धुळकट, पाठीला वळ पडलेलं. त्याला कुणी घोडाच म्हणत नव्हतं. वरातीतली घोडी म्हणजे घोडी, हे आपलं असंच काहीतरी.

लग्नानंतरच्या रविवारी अंजूरफाट्याकडे जाताना एक वाडा दिसला. दोन गोदामांच्या मध्ये उरलेल्या पट्ट्यात मेंढ्या बसल्या होत्या आणि चार घोडी बांधलेली. बाईक लावली. एक मावशी चुलीपाशी होत्या. मी विचारलं, "मावशी, ही घोडी भीमथडी ना?"

"धनगराची घोडी हायती," त्या म्हणाल्या. "का, इकत घ्यायची हाय का?"

मी सांगितलं की यांची सरकारात नोंद झालीये, राज्याच्या गाण्यातसुद्धा नाव आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाव झालं ते बरं झालं. पन बसायचं कुटं? औंदा हितं रानच ऱ्हायलं न्हाई. गेल्या साली त्या तिकडं बसलो हुतो," आणि हाताने दाखवलं. "आता ते झालंय बघ. कुनाचं हाय रं ते गोदाम?"

मी त्या बाजूला बघितलं. निळे पत्रे, शटरला लागलेला कंटेनर. जागेचं भाडं दर महिन्याच्या ५ तारखेला बाबांच्या खात्यात येतं.

"आमचंच आहे, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी चहा दिला. घोड्याला हात लावू का विचारलं तर म्हणाल्या, "बाजूनं जा, मागनं जाऊ नको."

एवढंच होतं या भागात. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला जायचं ठरवतोय, कुणी येणार असेल तर कळवा. गाडीत अजून दोन जागा आहेत.